स्कायरिममधले आंधळे फाल्मर मुळात होते कोण?

मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशीला टेकला की बर्फात हिंडायला स्कायरिम या व्हिडिओ गेमइतकी स्वस्त जागा दुसरी नाही. अडचण एकच, आणि ती म्हणजे कूलर. ताट्या ओल्या करून पंखा पूर्ण सोडला की खोलीत अशी घरघर सुरू होते की गेममधल्या गुहेतली घरघर तिच्यात बुडून जाते. आणि त्या गुहांमध्ये जे राहतात त्यांच्याशी सगळा व्यवहार कानांनीच करायचा असतो. तेव्हा हा लेख वाचून कुणी नव्याने खेळायला बसणार असेल तर पहिला सल्ला: हेडफोन लावा.

त्या रहिवाशांचं नाव फाल्मर. पांढुरकी, लिबलिबीत कातडी, पोक काढून चालणं, चपटं नाक, मोठे टोकदार कान आणि डोळ्यांच्या जागी नुसती कातडी. अंधारात दबा धरून बसतात, विष लावलेले बाण मारतात. माझा भाचा पहिल्यांदा त्यांच्या तावडीत सापडला तेव्हा त्याने हेडफोन काढून विचारलं, "मामा, हे आंधळे भूत काहून मागं लागून राहिले माझ्या?" प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर मात्र गेम सरळ देत नाही. ते पुस्तकांत, डायऱ्यांत, एका शिलालेखात आणि एका म्हाताऱ्या शिपायाच्या बोलण्यात विखरून ठेवलंय. स्कायरिम ११ नोव्हेंबर २०११ ला आला आणि पुढच्या वर्षी त्याला दोन मोठ्या पुरवण्या जोडल्या गेल्या, त्यामुळे गोष्ट फुटेल म्हणून मी हात राखून लिहिणार नाही.

तर, फाल्मर हे भूत नाहीत. ते एल्फ आहेत, म्हणजे माणसांसारखाच, पण टोकदार कानांचा एक काल्पनिक वंश. एकेकाळी त्यांना हिम-एल्फ म्हणत, आणि स्कायरिमचा हा बर्फाळ मुलूख नॉर्ड नावाच्या माणसांच्या आधी त्यांचा होता. गोरे, उंच, सुसंस्कृत, सूर्यदेव ऑरी-एलची पूजा करणारे. बर्फात राहणाऱ्यांनी सूर्य पुजावा, हे मला फार पटतं.

मग उत्तरेकडच्या ॲटमोरा नावाच्या भूमीवरून माणसं आली. त्यांचा पुढारी ईसग्रामोर. त्यांनी सार्थाल हे शहर वसवलं. सुरुवातीला दोघांचं बरं चाललं असावं, पण एका रात्री एल्फांनी सार्थालवर हल्ला करून ते जाळून टाकलं. नॉर्ड इतिहासात तिला अश्रूंची रात्र म्हणतात. ईसग्रामोर आणि त्याचे दोन मुलगे तेवढे निसटले, ॲटमोराला परत गेले आणि पाचशे निवडक योद्धे घेऊन पुन्हा आले. या वेळी शहर वसवायचं नव्हतं, एल्फांना संपवायचं होतं. आणि त्यांनी ते जवळजवळ केलंच.

इथे थोडं थांबायला हवं, कारण एल्फांनी सार्थाल का जाळलं, हे गेममध्ये दोन प्रकारे सांगितलं जातं. नॉर्ड म्हणतात, माणसांची संख्या वाढताना पाहून एल्फांच्या पोटात दुखलं. गेममधलाच एक अभ्यासक मात्र वेगळी शंका काढतो: सार्थालच्या खाली काहीतरी पुरलेलं होतं, माणसांच्या हाती ते लागलं, आणि ते परत मिळवायला किंवा त्याच्यापासून माणसांना दूर ठेवायला हल्ला झाला. विंटरहोल्डच्या जादू-महाविद्यालयात नाव घातलंत तर तुम्ही स्वतःच सार्थालच्या खाली उतरता आणि तिथे खरोखरच एक प्रचंड, फिरणारा, निळसर गोळा सापडतो. म्हणजे अभ्यासकाची शंका पोकळ नव्हती. पण गेम पुढे येऊन "म्हणून एल्फ बरोबर होते" असं कुठेही म्हणत नाही. कडी तुम्ही जोडायची. बहुतेक लोक जोडत नाहीत, कारण तोवर त्यांचं लक्ष दुसऱ्याच भानगडीत गेलेलं असतं.

व्हाइटरन गावात कम्पॅनियन्स नावाची योद्ध्यांची संघटना आहे. जवळजवळ प्रत्येक नवा खेळाडू तिच्यात भरती होतो. मोठमोठे चषक, मैत्री, शौर्याच्या गप्पा. हे लोक आपली परंपरा थेट ईसग्रामोरच्या त्या पाचशेंपर्यंत नेतात. म्हणजे तुम्ही ज्या वंशाच्या कत्तलीच्या अभिमानावर उभ्या असलेल्या घरात जेवता, त्याच वंशाच्या उरल्यासुरल्यांना मारायला संध्याकाळी गुहेत उतरता. गेम यावर एक अक्षर बोलत नाही, आणि लिहिणाऱ्यांची ही हुशारी मला सगळ्यात जास्त आवडते.

हिम-एल्फांची शेवटची मोठी लढाई सोल्स्थाईम बेटावर झाली. त्यांचा सेनापती होता हिम-राजपुत्र, पांढऱ्या घोड्यावर बसून यायचा आणि एकटा रणांगण फिरवायचा. नॉर्ड बखरकाराने लिहिलेली ती हकिगत गेममध्ये वाचायला मिळते. हा राजपुत्र कुण्या महावीराच्या हातून मेला नाही. त्याने जोफ्रिओर नावाच्या एका योद्धा स्त्रीला मारलं. तिची बारा वर्षांची मुलगी फिन्ना तिथेच होती. तिने रागाच्या भरात आईची तलवार उचलून फेकली आणि ती त्याच्या छातीत रुतली. राजपुत्र पडला तसं एल्फांचं सैन्य मोडलं. नॉर्डांनी त्याला मात्र मानाने पुरलं. शत्रू मेल्यावर त्याचा मान ठेवायला फारसा खर्च येत नाही.

मग उरलेल्यांनी काय केलं? ते जमिनीखाली गेले, ड्वेमरांकडे.

ड्वेमर म्हणजे गेममधले बुटके म्हणवले जाणारे, पण खरं तर तेही एल्फच. यंत्रविद्येत पारंगत, पितळेचे यांत्रिक कोळी आणि वाफेवर चालणारे राक्षस बनवणारे, देवधर्म न मानणारे. त्यांनी आश्रय दिला, पण अट घातली: डोळे द्यायचे. जमिनीच्या पोटात उगवणारी एक विषारी बुरशी खायची, तिने दृष्टी जाते. आंधळा पाहुणा पळून जात नाही, बंड करत नाही आणि घरातली यंत्रं पाहून शिकतही नाही. ड्वेमरांच्या बाजूने हिशेब चोख होता. पाहुणे हळूहळू नोकर झाले, नोकरांचे गुलाम झाले.

सगळ्यांनी ही अट मान्य केली का? नाही, असं दिसतं. काही गट लढत राहिले, काही दुसरीकडे गेले आणि मारले गेले. नॉर्ड लेखकांना या फाटाफुटीत रस नाही. त्यांच्या लेखी एल्फ एकगठ्ठा होते आणि एकगठ्ठा संपले.

पुढे पिढ्यान्‌पिढ्या गेल्यावर या गुलामांनी उठाव केला. जमिनीखाली दशकानुदशकं लढाई चालली आणि वर कुणाला पत्ताही नव्हता. ती संपली तीही विचित्र रीतीने: पहिल्या युगाच्या ७०० व्या वर्षी ड्वेमर अख्खे गायब झाले. मेले नाहीत, हरले नाहीत, एका क्षणात नाहीसे झाले. पूर्वेला लाल पर्वतावर एका देवाच्या हृदयावर ते जे प्रयोग करत होते, त्याचा तो परिणाम मानतात. एका सकाळी फाल्मरांचा धनी आणि शत्रू दोन्ही नव्हते. पितळेची शहरं तेवढी उरली, दिवे चालू असलेली, आणि ते दिवे ज्यांना कधीच दिसणार नाहीत असे वारस.

आता भाच्याचा दुसरा प्रश्न, जो मला पहिल्यापेक्षा जास्त आवडला. बुरशी खाऊन बाप आंधळा झाला, पण मुलगा का आंधळा जन्मेल?

जीवशास्त्राच्या हिशेबाने नाही जन्मणार. आयुष्यात झालेली इजा वंशात उतरत नाही. अपघातात पाय गमावलेल्या माणसाची मुलं दोन्ही पायांवरच चालतात. गुहेत डोळे जातात, पण ते वेगळ्या वाटेने. मेक्सिकोतल्या गुहांमध्ये टेट्रा जातीचा एक आंधळा मासा राहतो. त्याचेच भाईबंद बाहेर नदीत डोळस आहेत. गुहेतल्या पिल्लाचा डोळा अंड्यात तयार व्हायला सुरुवात होते, मग वाढ थांबते आणि तो झिजत जातो. कारण डोळा हा महागडा अवयव आहे, तो चालवायला शरीराला सतत ऊर्जा लागते. उजेडात डोळा बिघडलेलं पिल्लू मरतं. अंधारात ते मरत नाही, उलट वाचलेली ऊर्जा दुसरीकडे वापरतं. असे बिघाड साठत जातात आणि फार मोठ्या काळानंतर अख्खी वस्ती आंधळी होते.

फाल्मरांकडे किती काळ होता? स्कायरिमची गोष्ट चौथ्या युगाच्या २०१ व्या वर्षी घडते. पहिलं युग २९२० वर्षांचं, दुसरं ८९६ चं, तिसरं ४३३ चं. ड्वेमर गेले त्याला म्हणजे सुमारे ३७५० वर्षं झाली. माणसाच्या पंचवीस वर्षांच्या पिढीने मोजलं तर दीडशे पिढ्या, आणि एल्फ दीर्घायुषी, तेव्हा त्याहूनही कमी. नुसत्या निसर्गाच्या गतीने डोळ्यांवर कातडी यायला हे फारच थोडं आहे. मला पटणारी जुळवणी अशी: बुरशी एकदाच दिलेलं औषध नव्हती, ते रोजचं अन्न होतं. गर्भारपणात आईच्या पोटात, मग बाळाच्या तोंडात. प्रत्येक पिढी नव्याने आंधळी केली जात होती, आणि त्यावर अंधाराने आपलं काम केलं. हे गेममध्ये लिहिलेलं नाही, माझा तर्क आहे. जादूच्या दुनियेत असा हिशेब मांडणं वेडेपणाचंच, पण दुपारी लाइट गेल्यावर दुसरं करायचं तरी काय.

डोळे गेले, पण डोकं गेलं का? यावर गेम फार बारकाईने खेळतो. पहिल्या नजरेला फाल्मर जनावर वाटतात. नीट पाहिलं की कळतं, त्यांची वस्ती आहे. कॉरस नावाचे म्हशीएवढे, विष थुंकणारे किडे ते पाळतात. त्यांच्या कवचांच्या झोपड्या, कुंपणं, चिलखतं, तलवारी बनवतात. वाटेत तार लावून सापळे रचतात. त्यांच्यात जादू जाणणारे आहेत. ब्लॅकरीच नावाच्या पाताळनगरीत, जिथे चमकणाऱ्या प्रचंड अळंब्यांचा निळा उजेड पडतो, तिथे त्यांनी माणसांनाही नोकर करून ठेवलंय. ज्यांच्या पूर्वजांना गुलाम केलं, त्यांनी संधी मिळताच तेच केलं. लिहिणाऱ्यांनी फाल्मरांना निरागस बळी केलं नाही, हे बरं झालं.

त्यांचं क्रौर्य पाहायचं तर उत्तर किनाऱ्यावरच्या फ्रॉस्टफ्लो दीपगृहात जा. हाब्द नावाचा म्हातारा समुद्राच्या ओढीने बायको आणि दोन मुलांना घेऊन तिथे राहायला आलेला असतो. तुम्ही पोचता तेव्हा चुलीजवळ बायकोचं प्रेत आणि जमिनीवर मेलेला कॉरस. तळघराची भिंत फोडून खालून ते आलेत. डायऱ्या वाचत खाली उतरावं तसं कळतं की सुरुवातीला तळघरातला आवाज उंदरांचा वाटला होता. पुढे मुलीची चिठ्ठी मिळते, ती मी इथे सांगत नाही. सगळ्यात खाली एक मोठा कॉरस असतो. त्याला मारलं की त्याच्या पोटात हाब्दचे अवशेष सापडतात. म्हाताऱ्याची इच्छा होती की मेल्यावर आपल्याला दीपगृहाच्या आगीत ठेवावं. कुणीही तुम्हाला ते करायला सांगत नाही, नकाशावर खूण येत नाही. पण वर चढून ते अवशेष आगीत ठेवलेत तर एक कायमचा आशीर्वाद मिळतो, त्याने बरं करणारे मंत्र दहा टक्के जास्त काम करतात. त्या तळघरातून वर आल्यावर फाल्मरांबद्दल दया वाटणं कठीण आहे, आणि ते तसंच असायला हवं.

तरीही खेळाचे नियम स्वतः कुणाच्या बाजूने आहेत ते पाहा. स्कायरिममध्ये मरणाऱ्याचा आत्मा रत्नात अडकवता येतो. आत्मे दोन जातींचे: पांढरे आणि काळे. पांढरे जनावरांचे, राक्षसांचे. काळे माणसांचे, एल्फांचे, विचार करणाऱ्या वंशांचे. ते पकडायला खास काळी रत्नं लागतात आणि ते काम बदनाम समजलं जातं. फाल्मरांचा आत्मा साध्या पांढऱ्या रत्नात जातो. एकही पूर्ण एल्फ असा जात नाही. म्हणजे विश्वाच्या नियमानेच त्यांना माणसांतून काढून टाकलंय. कुणी म्हणेल, ही प्रोग्रामरची सोय. कुणी म्हणेल, त्यांचा आत्माच झिजला. मला दुसरं जास्त भयंकर वाटतं. वर त्यांच्या प्रेतावर "फाल्मरचा कान" मिळतो, तो औषधात घालतात. आंधळ्यांचे कान कापून विकणारा खेळाडू स्वतःला नायक समजत पुढे जातो; मीही बरेच विकलेत.

या सगळ्यात एक गोष्ट नागपूरकराला लगेच ओळखू यावी. फाल्मरांबद्दल जे काही वाचायला मिळतं, ते बहुतेक दुसऱ्यांनी लिहिलेलं. नॉर्ड बखरकार, साम्राज्याचे अभ्यासक, बाहेरचे प्रवासी. आपलं शहर मध्य प्रांताची राजधानी होतं. १९१६ साली या प्रांतातल्या जाती-जमातींवर रसेल नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याने रायबहादूर हिरालाल यांच्या मदतीने चार खंड काढले. माहितीची ती खाण आहे, आजही अभ्यासक ती उघडतात. पण त्यात कोण कसा, कोणाची सवय काय, हे ठरवणारा आवाज ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांचा नाही. त्याच सरकारने १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं होतं, तो शिक्का १९५२ पर्यंत निघाला नाही. फाल्मर काल्पनिक आहेत आणि ती माणसं खरी, तेव्हा तुलना याच्या पुढे ताणणं बरं नाही. वाचायची सवय मात्र तीच लागते: हे कोण सांगतंय, आणि सांगून त्याचं काय साधतंय.

मग फाल्मरांच्या बाजूने बोलणारा कुणीच नाही? आहे, एकटा. २०१२ च्या डॉनगार्ड पुरवणीत विसरलेली दरी नावाची बर्फाळ खिंड उघडते आणि तिच्या तोंडाशी गेलेबॉर भेटतो. न बिघडलेला हिम-एल्फ, डोळस, ऑरी-एलच्या मंदिराचा रखवालदार. शतकानुशतकं तो तिथे उभा आहे. त्याच्यासमोर फाल्मर म्हणालात तर त्याला रुचत नाही. तो त्यांना विश्वासघात झालेले म्हणतो. शांतपणे सांगतो की आपल्याच लोकांना मारायला लावतोय याचं दुःख आहे, पण इलाज नाही. आणि पुढे एक गोष्ट बोलतो जी निसटू देऊ नये: अलीकडच्या शतकांत त्यांची बुद्धी वाढताना त्याला दिसतेय, आणि त्यांच्याशी बोलायचा मार्ग सापडला तर कदाचित काही जमेल.

दरीतून पाच लहान देवळं पार करून मोठ्या मंदिरात पोचलात की गेलेबॉरचा भाऊ विर्थुर भेटतो, मुख्य पुजारी. वाटतं, फाल्मरांनी मंदिरावर हल्ला करून त्याला बिघडवलं. तसं नसतं. त्याच्याच एका शिष्याने त्याला चावून व्हॅम्पायर केलेलं असतं. देवाने आपल्याला वाऱ्यावर सोडलं, या रागातून त्याने सूर्य झाकण्याची भविष्यवाणी रचलेली असते आणि युगानुयुगं योग्य रक्ताची वाट पाहिलेली असते. अख्ख्या पुरवणीत ज्या भविष्यवाणीमागे सगळे धावतात, ती एका दुखावलेल्या पुजाऱ्याने घरबसल्या रचलेली निघते. गोष्टीच्या बांधणीच्या दृष्टीने हे मला थोडं घाईत उरकल्यासारखं वाटलं, त्या भावांच्या भेटीला अजून दोन वाक्यं हवी होती.

सोल्स्थाईमवरच्या रीकलिंगांबद्दलही लोक विचारतात. निळे, ठेंगणे, रानडुकरांवर बसून येणारे, माणसांची भांडीकुंडी गोळा करून पुजणारे. तेही बिघडलेले हिम-एल्फच, असा एक तर्क गेममध्येच फिरतो. त्याला ठोस आधार कुठे दिलेला नाही. थर्स्कच्या मद्यगृहात तुम्ही नॉर्डांना मदत करू शकता किंवा रीकलिंगांना. एकदा रीकलिंगांच्या बाजूने खेळून पाहा, फार मजेशीर आहे.

आणि विसरलेल्या दरीत फिरताना जमिनीकडे लक्ष ठेवा. तिथे चार जुनी पुस्तकं पडलेली सापडतात, उघडली तर एक अक्षर लागत नाही. ती टाकून देऊ नका. मारकार्थच्या किल्ल्यात कॅल्सेल्मो नावाचा म्हातारा विद्वान आहे, ड्वेमरांच्या अभ्यासात आयुष्य घालवलेला, फाल्मर भाषेचाही जाणकार. त्याच्याकडे दोन लिप्यांत कोरलेला एक मोठा दगड आहे. चोरांच्या संघटनेच्या एका मोहिमेत तुम्ही त्यावर कागद ठेवून कोळशाने ठसा घेता, तोच. ही पुस्तकं त्याला दिली की तो भाषांतर करून देतो. हिम-एल्फांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं तेवढंच. ड्वेमरांचा आश्रय घ्यावा की नाही, यावर त्यांच्यात काय चाललं होतं ते तिथे वाचायला मिळतं.